पंचावन्नच्या लेन्सचा वाघ

प्रिय बाबा,

अभयारण्याच्या गेटवर तुम्ही काढलेला वाघाचा फोटो मोठा करून लावणार आहेत. खाली लेन्सची माहिती हवी म्हणून वनखात्याच्या लोकांनी मला विचारलं. मी मूळ फाइल उघडली आणि मला तुमचा संशय आला. म्हणून हे पत्र.

तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, तीनशेच्या मोठ्या लेन्सने दुरून काढला. फाइलमध्ये पंचावन्न मिलिमीटर आहे, म्हणजे छोटी लेन्स. वाघ नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत फ्रेम भरून उभा आहे. मी हिशेब केला. अंतर पाच मीटर! शिवाय कॅमेरा वाघाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सफारीच्या उंच जिप्सीतून वाघ असा दिसतो का?

बोंडअळीने कापूस गेला, लग्नं साधी व्हायला लागली, तेव्हा पांढरकवड्याच्या आपल्या स्टुडिओतून तुम्ही पर्यटकांना लेन्स भाड्याने देऊ लागलात. नागपूरचे एक साहेब छोटी मागत होते. तुम्ही म्हणालात, "वाघाचा पासपोर्ट फोटो काढाचा हाय का, साहेब? मोठी घ्या. जवळ जायाचं काम लेन्सचं, तुमचं नाही." मी किती हसले होते! आणि तुम्हीच?

आई त्या दिवशी सोबत होती. तिला विचारलं, "बाबा खाली उतरले होते?"

"कायले उतरतीन? काहीबी इचारतं तू!"

उत्तर फार लवकर आलं. मी तिला वाघाच्या फोटोच्या आधीची फ्रेम दाखवली. बाहेरून काढलेली जिप्सी, आत आई, तोंडावर हात.

मग ती म्हणाली, "म्या म्हटलं, या ना वर. तर म्हणे, मोठी लेन्स पोरीजवळ हाय, मी काय करू?"

पोरीजवळ! प्रोजेक्टसाठी ती मीच पुण्याला नेली होती. दोन आठवडे म्हणाले, चार महिने ठेवली. तुम्ही फोनवर एकदाही का मागितली नाहीत? मी कुरियरने पाठवली असती ना!

वाघाने तुम्हाला काही केलं नाही. गेल्या वर्षी गेलात ते हृदयविकाराने. पण ते खोटं तीनशे कुणासाठी होतं? खाली उतरायला बंदी करणाऱ्या गेटवरच्या लोकांसाठी, की माझ्यासाठी? माझ्यासाठीच, मी स्वतःला दोष देऊ नये म्हणून, असा मला संशय येतो.

आई म्हणते, "तीनशेच लिव. गेलेल्या माणसाले कायले बदनाम करतं?" पण ते वाचून तीनशेची लेन्स घेऊन आलेल्या माणसाला जिप्सीतून असा फोटो मिळणार नाही. मग तो उतरेल.

म्हणून शब्द देते, बाबा. पंचावन्न लिहीन. खाली उतरून काढला, कुणी असं करू नये, हेही लिहीन. आणि मोठी लेन्स त्या दिवशी मुलीकडे होती, हेसुद्धा.

तुमची,
मृणाल