मिनिटाला एकशे वीस

प्रिय फ्यूज,

तुझा निरोप मिळाला. ‘सोमवारी दहाला येते. बडबड कमी ठेव.’ बारा वर्षांनी पाठवलेल्या दोन वाक्यांतलं एक मला चिमटा काढण्यात घालवलंस, तेव्हाच मला कळलं की अल्बम होणार. रेकॉर्ड कंपनीला मी तुझ्या वतीनेही हो म्हणून टाकलं होतं. तुला विचारत बसले असते तर तू सहा महिने विचार केला असतास आणि शेवटी नवीन केबल लागेल म्हणाली असतीस.

लॉन्ड्रीच्या वरची आपली खोली परत मिळवली आहे. खाली धुलाईची यंत्रं सुरू झाली की फरशी अजून थरथरते. कपाटात आपले राखाडी कोट होते. माझ्या कोटाची बटणं आता लागत नाहीत, हसू नकोस. तुझ्या खिशात ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी सापडली. आठवतंय, आपल्या ‘तक्रार खिडकी’ बँडचा प्रत्येक कार्यक्रम आपण तसाच संपवायचो? काचेमागे दोन कारकून बायका, तू ठोके वाजवणाऱ्या यंत्रांवर, मी माइकवर सूचना वाचणारी. शेवटचा ठोका पडला की काचेला पाटी लावून आपण चालत्या व्हायचो. लोक टाळ्या वाजवत बसायचे आणि आपण जिन्यात सँडविच खात असायचो. आपला नियमही मी भिंतीवर परत लिहिला आहे: रेकॉर्डिंग चालू असताना जी आधी हसेल, तिने चहा करायचा. या नियमाने तू माझ्याकडून हजारभर कप चहा उकळून घेतला असशील.

लोक मला सांगतात, बाई, आता उपहासाचे दिवस गेले, जगच इतकं हास्यास्पद झालंय की तुम्ही काय वेगळं करणार? मी त्यांना सांगते, खुर्चीवर बसलेला माणूस जोवर स्वतःला गंभीरपणे घेतोय, तोवर आपल्याला काम आहे. उपहास खालून वर जायला हवा. दिशा चुकली, तर ती नुसती टवाळी. हे वाक्य मी शेकडो सभांमध्ये म्हटलं आहे आणि दर वेळी टाळ्या घेतल्या आहेत. आज ते लिहिताना मात्र हात अडखळला. का, ते सांगते.

गेल्या आठवड्यात तुझ्या ताईकडे गेले होते. तिच्या आवाजातल्या दोन-चार ओळी अल्बममध्ये हव्यात, असं निमित्त होतं. ताईने बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडलं. उजवं मनगट आता वळत नाही. बल्बच्या कारखान्यातली तिची सतरा वर्षं, पट्ट्यावरून आलेला बल्ब खोक्यात घालायचा, चार ठोक्यांना एक. आपल्या ‘सगळं छान चाललंय’च्या ठोक्यांना. मालकांची टर उडवायला केलेलं गाणं मालकांनाच मनापासून आवडलं आणि त्यांनी ते कारखान्यात लावलं, यावर मी तेव्हा किती भाषणं ठोकली. कामगार बायकांना त्यातला टोमणा कळतो, त्या आतल्या आत हसत असतात, असं मी छातीठोकपणे सांगायचे. ताईला विचारलं, तुम्ही हसायचात ना गं? ती म्हणाली, “अगं, तुझं गाणं लागलं की आम्ही एकमेकींकडे बघायचोसुद्धा नाही. वेळ कुठे होता?” एवढं बोलून तिने मला लोणी लावलेला ब्रेड दिला. रागाचा एक शब्द नाही. ती रागावली असती तर मी वाद घातला असता. वाद मला येतो.

गाणं आपण मिनिटाला शंभर ठोक्यांचं केलं होतं. कारखान्यात ते एकशे वीसने वाजायचं. मिनिटाला पाच बल्ब जास्त. ताईला न्यायला फाटकावर गेली होतीस तेव्हा तू ते ऐकलंस आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘कंटाळा आला’ म्हणून ‘तक्रार खिडकी’ सोडलीस. मी तुला पळपुटी म्हटलं, तेही चार लोकांत. मॅनेजरने प्लेअरचं बटण फिरवून वेग वाढवला असेल, असं तुला वाटलं असणार, असं मी धरून चालले होते. परवा जुन्या फायली उघडल्या आणि ती एकशे वीसची आवृत्ती ऐकली. बटण फिरवलं की वेगाबरोबर आवाजाची पट्टीही चढते, माझा आवाज मांजरासारखा होतो. इथे पट्टी जिथल्या तिथे आहे. म्हणजे कुणीतरी मूळ रेकॉर्डिंगवरून नवीन केली. मूळ रेकॉर्डिंग फक्त आपल्या दोघींकडे होतं. आणि तुझ्या कानातून पट्टी कधी सुटलेली नाही.

म्हणून हे पत्र. ती मी केली, फ्यूज. मॅनेजरचं पत्र आलं होतं, गाणं प्रेरणादायी आहे, जरा वेगवान मिळेल का. मी हसून लोळले. याहून मोठा विनोद आपल्या हातून होणार नाही असं वाटलं, आणि एका दुपारी करून, वर शुभेच्छा लिहून पाठवून दिली. ताई त्याच पट्ट्यावर उभी असते हे मला ठाऊक होतं. वाटलं, तीही हसेल. तुला हे बारा वर्षं माहीत होतं आणि तू मला कधी विचारलं नाहीस. तू यायच्या आधी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. माझी चूक होती, आणि ती मी पुटपुटणार नाही. अल्बमचं पहिलं गाणं मी रिकामं ठेवलं आहे. त्यात सध्या फक्त ताईने डाव्या हाताने टेबलावर दिलेला ठोका आहे, तिला झेपेल तसा. मोजला, मिनिटाला बासष्ट. त्यावर काय बसवायचं, की काहीच बसवायचं नाही, ते तू ठरव. यायचं की नाही, तेही. मी सोमवारी दहाला काचेमागे बसलेली असेन, चहा करून ठेवलेला असेल, आणि आलीस तर आधी तू बोलायचं.

तुझीच,
भोंगा