दोन सरकारं, एक कुलूप

मुक्काम रेवदंडा (हे लिहिताना हात अडखळतो, कारण पुढे येईल)
माघ वद्य पंचमी, शके १८५४

तीर्थस्वरूप अण्णांस आपल्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार.

आपल्या गुडघ्याचं कसं आहे? निर्गुडीचा शेक सोडू नये, आणि मिठागरावरच्या वाऱ्यात उघड्यानं बसू नये. इकडे सर्व कुशल आहे, म्हणजे नारळ-सुपारी कुशल आहे. माझं सांगतो.

घर इंग्रजी मुलखात आणि हेडमास्तरी खाडीपलीकडच्या संस्थानात, हे आपण जाणताच. रोज सकाळी कान्हा कोळ्याच्या होडीतून जातो, दिवेलागणीला परततो. इतकी वर्षं हे कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. यंदा अलिबागेहून कागद आला की तुम्ही इथं राहता, तर पगारावर कर भरा. पाठोपाठ संस्थानाचाही आला की तुम्ही आमच्याकडे राहता, तर आम्हांला भरा. (दोन ठिकाणी राहण्याची ऐपत असती तर मास्तरकी कशाला केली असती?) चौकशीला गेलो, तर इकडचा कारकून म्हणाला, तिकडे राहत असाल तर इथं माफ, तिकडचा म्हणाला, इकडे राहत असाल तर तिथं माफ. दोघं इतकं गोड बोलले की मला काहीच कळलं नाही. शेवटी इकडे लिहून दिलं की मी तिकडे राहतो, आणि तिकडे लिहून दिलं की मी इकडे राहतो. दोन्ही लिहिताना मला ते खरंच वाटत होतं.

मग अलिबागेचे इन्स्पेक्टर खात्री करायला घरीच आले. आल्या-गेल्याला विन्मुख पाठवणं गोदूच्या स्वभावात नाही (आपलीच बहीण). तिनं खोबरं पेरलेले पोहे नि चहा पाठवला. साहेब पोहे खाताहेत आणि मी सांगतोय की इथं माझं बिऱ्हाडच नाही. पोहे कुणी केले, असं त्यांनी विचारलं. शेजारून आले, असं मी म्हणालो. साक्षीला कान्हाला बसवलं होतं. तो माझ्याहून उतावीळ.

"मास्तरांचा सगला संसार तिकरं हाय, सायेब. हितं नुसता दाराला टाला हाय."

माजघरात भांडं आपटल्याचा आवाज आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी परतलो तर दाराला खरोखरच कुलूप. गोदू रेवसच्या गाडीनं निघून, होडीनं आपल्याकडे उरणला गेलेली. शेजारच्या बायजाजवळ निरोप ठेवला होता की पोहे करणारी शेजारीण आपल्या घरी गेली म्हणून सांग.

चावी तिच्या कमरेला, तेव्हा मी पडवीत निजतो. परवा इन्स्पेक्टर पुन्हा येऊन गेले. कुलूप पाहून त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं. संस्थानच्या माणसानं शाळेतली माझी खोली पाहिली. तिथं एक चटई आणि एक छत्री. त्यानंही माझं म्हणणं मान्य केलं. अण्णा, मी दोन्हीकडे जिंकलो. एक सरकार म्हणतं मी इथं राहत नाही, दुसरं म्हणतं तिथं राहत नाही, आणि पडवीत पडल्या पडल्या मला दोघांचंही पटतं. गोदूवाचून करमत नाही. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहिलं.

वहिनींस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
चांगदेव

ता. क. गोदूला पाठवावं. निदान चावी तरी. (चावी एकटीच आली तर मात्र परत पाठवीन.)

आणखी ता. क. काल अलिबागेला जाऊन सांगून आलो की मी रेवदंड्यालाच राहतो, खुशाल कर लावा. साहेब म्हणाले, पुरावा आणा. मी म्हणालो, पुरावा उरणला गेलाय, रागावून.

शेवटचा ता. क. उत्तराच्या पाकिटावर पत्ता आपण घालू नये, गोदूला घालू द्यावा. मी कुठं राहतो, हे आता तिनंच ठरवायचं आहे.