वरच्या खोलीतला डांबरी रस्ता

मी, बंडूजी तानबाजी हिवरकर, वय बहात्तर, पूर्वी भाजीची अडत होती, राहणार सिंदी मेघे, जि. वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. नसते, तर सगळे मुलाच्या नावे करून मोकळा झालो असतो.

१. खालचे घर, अंगण आणि स्कूटर मुलगा योगेंद्र याला मिळावी. स्कूटर बंद आहे. त्याला शोभेल.

२. मेहुणे सदाशिवराव यांना काहीही देऊ नये. वरच्या खोलीत मी रेल्वेचे छोटे मॉडेल उभारले, तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "बंडूजी म्हातारपणी खेळून राह्यले." यांची स्वतःची हयात पानठेल्यावर गेली. साक्षीदाराचा मिळकतीत हिस्सा नसावा असे वकील म्हणतात, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावले आहे.

३. मॉडेलचे रूळ विकत मिळतात, रस्ता करावा लागतो. मी पॉलिश पेपर चिकटवून राखाडी रंग दिला, कारण वापरातले डांबर उन्हाने पांढुरके पडते. पेन्सिलीने भेगा काढल्या, ठिगळे जरा गडद ठेवली, कडेला आमच्या वावरातली धूळ मलमलच्या फडक्यातून गाळून डिंकाने बसवली.

दिवाळीच्या साफसफाईत योगेंद्रने ती धूळ ओल्या फडक्याने खरडून काढली आणि रस्त्यावर चकचकीत काळा ऑइलपेंट मारला. वर पांढरे पट्टे!

"पाहा बाबूजी, कसा नवाकोरा करून देल्ला! किती खराब झालता रस्ता तुमचा."

"काऊन रे, तुले डोळे नाईत का?"

"एवढी मेहनत केली, त्याचं काईच नाई तुमाले!"

चिरंजीव रस्त्यांची कंत्राटे घेतात. भेगा ओळखण्याचा सराव त्यांना माझ्याहून जास्त असायला हवा होता. आता मॉडेल भंगारात देऊन ही खोली सावंगीच्या मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचे त्यांनी माझ्यादेखत ठरवले आहे.

४. म्हणून वरची खोली, बाहेरचा जिना आणि मॉडेल मुलगी उज्वला हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. योगेंद्रने तिथे भाडेकरू ठेवू नये आणि ब्रश तर मुळीच नेऊ नये. भाऊबीजेला उज्वला वर आली आणि तो काळा रस्ता पाहून खाली बसली. म्हणाली, "बाबूजी, हा आपल्या वावरातून फाटकाकडं जाणारा रस्ता होता ना? आई याच रस्त्यानं वांगे घेऊन जाये." एवढ्या गोतावळ्यात ओळखणारी ती एकटी निघाली. मला रडू आले.

५. उज्वलाने काळा रंग काढून रस्ता पुन्हा करावा. घाई करू नये. रेल्वे फाटक मात्र कायम बंद ठेवावे. फाटक बंद असले, की तिची आई अनुसया डोक्यावरची टोपली उतरवून घटकाभर बसायची. दिवसभरात तिला तेवढाच विसावा मिळे.

वरील सर्व मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही केली.

बंडूजी तानबाजी हिवरकर

साक्षीदार:
१. सदाशिवराव ढोबळे (कलम दोन ऐकून सही केली)
२. शोभाबाई कोल्हे, शेजारी

सिंदी मेघे, दि. २१ नोव्हेंबर २०२५