विगलस्वर्थ घराण्याबाबत व्याह्यांना खुलासा

नेकनूर,
दि. २८ नोव्हेंबर २००४

श्री. रा. रा. धोंडप्पा व्याही, मुक्काम तेलगाव, यांना नेकनूरच्या सिद्धारामाचे शरणु शरणार्थ.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आमची पोरगी शिवानी सोडून. तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा दमा थंडीत वाढतो असं कळलं होतं, म्हणून सुंठ आणि ओवा बांधून ठेवला होता. पण सध्या आमच्या घरची वस्तू तुमच्या उंबऱ्याच्या आत चालते की नाही, याची खात्री नसल्यामुळे पुडी दुकानातच आहे. होणाऱ्या जावयाला, चि. वीरभद्राला, आशीर्वाद. (तो हल्ली आमच्या दुकानातल्या फोनवर फोन करत नाही, असं मी लिहितो. तुम्हीही तसंच समजावं.)

तुमचे दोन्ही निरोप मध्यस्थ धुळाजीमामांकडून मिळाले. मामांनी ते भर दुकानात, गुळाच्या ढेपेवर बसून, दोन कप चहा झाल्यावर सांगितले. पहिला निरोप, "इंग्रजाच्या रक्ताची पोरगी आमच्या देवघरात चालायची न्हाई, सोयरीक मोडली म्हणून समजा." आणि दुसरा, सुपारीच्या दिवशी तुमचा मानपान नीट झाला नाही. सुपारी फुटली, तिथी धरली, आणि आता हे. मला फार वाईट वाटलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी मात्र अजिबात रागावलो नाही. (गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं, ते वेगळं.) दोन्ही निरोपांचा खुलासा या पत्रात करतो. शेवटपर्यंत वाचावा आणि शक्यतो एकट्यानं वाचावा.

आधी रक्ताचं. पीटर विगलस्वर्थ हा साहेब काही चोर-उचक्का नव्हे, विलायतेतला रिटायर पोस्टमास्तर आहे. एकोणीस वर्षं हा माणूस एकच काम करतो आहे, ते म्हणजे जगातले सगळे विगलस्वर्थ गोळा करणं. चर्चमधल्या जन्माच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, थडग्यांवरची नावं, पलटणींची रजिस्टरं, सगळं त्यानं पालथं घातलं. (आपल्याकडे एका आडनावाचे चार लोक एका बांधावर गोळा झाले तर पोलिस पाटलाला बोलवावं लागतं, पण ते असो.) त्याच्या वंशावळीत सगळे सापडले, एक सोडून. त्याच्या पणजोबाचा थोरला भाऊ थॉमस. तो अंबाजोगाईच्या छावणीत घोड्यांचा डॉक्टर होता. रजिस्टरात १८६१ साली त्याची शेवटची नोंद आहे, की घोड्यांच्या चंदीसाठी हरभरा बघायला नेकनूरला गेला, परत आला नाही. पुढे नुसती रेघ. ती रेघ भरायला साहेब सातासमुद्रापलीकडून आला.

त्या काळी नेकनूरला हरभऱ्याचे मोठे व्यापारी दोनच, एक आमचे पूर्वज आणि दुसरे तुमचे. (तुमचे आजोबा पुढे तेलगावला गेले, हे तुम्हीच अभिमानानं सांगता.) नेकनूरला आमचंच घर उरलं, म्हणून साहेब आमच्या दारी आला. त्याच्या बॅगेत डीएनए तपासायचं सामान होतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत घालायची, की बाप, बापाचा बाप, असं पार मागे जाता येतं म्हणे. दुभाष्याचं काम मुंजाजी गुरुजींकडे होतं. गुरुजींनी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्यांच्याशी इंग्रजीत उलट कोणी बोललं ते हे पहिल्यांदाच. साहेब एक वाक्य बोलला की गुरुजींना घाम फुटायचा आणि ते प्रत्येक वेळी "चहा घेणार का विचारतोय" एवढंच सांगायचे. त्या दिवशी आमच्याकडे चहाची बारा आधणं झाली.

तीन महिन्यांनी निकालाचं पाकीट आलं. पोस्टमन आश्रुबानं ते मला देण्याआधी अर्ध्या नेकनूरला दिलं होतं. वर माझं नाव, आत ‘प्रिय भाऊ सिद्धाराम’, आणि खाली साहेबाचा शिक्का, की थॉमसचा वंश सापडला. त्या दिवसापासून माझं जिणं हराम झालं. लोक तेल घ्यायला येतात आणि माझ्या कानामागचा रंग बघतात. न्हावी माझी दाढी करताना दोन माणसं जास्त बसवून घेतो, बघायला. एकानं तर पोराच्या व्हिसासाठी माझी चिठ्ठी मागितली. आमची म्हातारी चंद्रभागाबाई ऐंशीच्या घरात आहे. ती तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "तुझ्या बापाला उभ्या जन्मात हरभऱ्याचा भाव नीट सांगता आला न्हाई, आन् त्यो इंग्रज?" एवढं बोलून तिनं मला पाणी भरायला लावलं. साहेब म्हणून कोणी एक दिवस सुखानं बसू दिलं नाही.

आता मानपानाचं. व्याही, हा आरोप मात्र माझ्या जिव्हारी लागला. रक्त माझ्या हातात नाही, पाहुणचार आहे. सुपारीच्या दिवशी तुम्ही पाच माणसांनिशी आलात आणि नेमका त्याच दिवशी साहेबही आला. मी त्याला परत पाठवू शकलो असतो. पण व्याह्यांसमोर ओसरीवर गोरा पाहुणा बसलेला बरा दिसतो, असं आमच्या सौ. शांतादेवीचं मत पडलं. बाजेवर तुम्हाला मधली जागा दिली, साहेबाला कडेची. पाय धुवायला गरम पाणी तुम्हाला, त्याला गार. पोह्यांवरचं खोबरं तुम्हाला दुप्पट. आणि साहेबानं बॅग उघडून माझ्या नावाच्या दोन नळ्या काढल्या (एक डाव्या गालाची, एक उजव्या), काडी माझ्या तोंडाशी आणली, तेव्हा मी काय केलं ते आठवा.

मी तोंड मिटून घेतलं. आमच्या घरात व्याह्यांच्या आधी यजमानाच्या तोंडात काही जात नाही, पाणीसुद्धा नाही. मी साहेबाचा हात धरून काडी तुमच्याकडे वळवली. तुम्ही ती विलायती मिठाई समजलात आणि मोठ्या आनंदानं तोंड उघडलंत. ‘हे तुमच्यासाठी नाही’ असं व्याह्यांना सांगायची माझी काय छाती होती? साहेबानं काडी फिरवली, नळीत घातली. आता व्याह्यांना कोणतीही गोष्ट एकदाच वाढणं ही आमच्यात बेअदबी. म्हणून मी आग्रह केला आणि दुसरी काडीही तुम्हीच घेतलीत. (जरा फिकी आहे, असं म्हणालात.) नळ्या दोनच होत्या. माझा गाल कोरडाच राहिला. नळ्यांवरचं नाव तेवढं साहेबाला बदलायला सांगा, असं मी गुरुजींना म्हणालो. गुरुजींनी सांगितलं, साहेबानं मान हलवली आणि बारावा चहा घेतला.

असा मान बीड जिल्ह्यात कोणत्या व्याह्याला मिळाला असेल तर मला दाखवून द्यावं. मानपानाच्या निरोपाचा खुलासा इथे संपला. रक्ताचा वेगळा करण्याची गरज उरली नसावी.

विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला जपावं. बसल्या जागेवरून एकदम उठू नये, विशेषतः हे पत्र वाचताना.

तुमचा, तुम्ही ठेवाल तर व्याही,
सिद्धाराम

ता. क. – साहेब पुढच्या सोमवारी पुन्हा येतो आहे, बायकोला घेऊन. थॉमसच्या वंशजाला पोटाशी धरून रडायचं त्यानं ठरवलं आहे. दारभर लांबीची वंशावळही काचेत बसवून आणतो आहे. ती माझ्या भिंतीवर लावू की एसटीनं तेलगावला आणू, ते कळवावं.

दुसरा ता. क. – तुमच्या घराण्यातले घारे डोळे थेट काशीहून आले, असं तुम्ही त्या दिवशी साहेबाशेजारी बसून सांगत होता. मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं, चहाच जास्त झाला.

तिसरा ता. क. – नळीचं फक्त मला आणि गुरुजींना माहीत आहे, आणि गुरुजींना अजून नीट कळलेलं नाही. म्हातारीला मी समजावीन, न्हाव्याला सवय होईल. सोमवारी साहेबाच्या गळ्यातही मीच पडतो. विगलस्वर्थांचं नाव जन्मभर माझ्याकडे राहू द्या, तुम्ही फक्त माझी शिवानी न्या. तिथी तीच ठेवली आहे. सुंठीची पुडी सोबत पाठवली आहे.