टिकलीचा हस्तकलेचा क्लास

४ जानेवारी, शनिवार. दुपार.
टिकलीला शेंगदाणा चालत नाही. अ‍ॅलर्जी. वय वर्षे आठ. एक दाणा पोटात गेला की ओठ सुजतात, घसा आवळतो, मांडीत इंजेक्शनचं पेन टोचून हॉस्पिटल गाठावं लागतं. एकदा गाठलं आहे. तेव्हापासून हे खातं मी स्वतःकडे घेतलं. बायको सुस्वभावी आहे, म्हणजे या कामाला निरुपयोगी. मी विमा कंपनीत क्लेम नामंजूर करायच्या विभागात आहे. या बाबतीत माझा हात कोण धरणार?

आज वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंच्या जुळ्यांचा वाढदिवस. नव्या वर्षाचा संकल्प: टिकलीची एकही पार्टी चुकता कामा नये, आणि माझीही. टिकलीने आत्ता येऊन विचारलं, बाबा, तू दमला असशील ना, घरीच झोपतोस का? केवढी माया पोरीला! अर्थातच जाणार.

रात्री, जेवणानंतर.
कार्यक्रम उत्कृष्ट. मेणबत्त्या पेटल्या की सगळे आपोआप एका जागी जमतात. मार्गदर्शनाला याहून चांगला मुहूर्त नाही. शिट्टी फुंकली. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून सुजलेल्या ओठांचे फोटो दाखवले. टिकलीचेच, अस्सल. तेवढ्यात मेणबत्त्या वितळून केकवर बसल्या, हा मेणबत्त्यांच्या दर्जाचा प्रश्न आहे. जुळ्यांपैकी एक भोकाड पसरून रडला. मग दुसऱ्याने साथ दिली. जुळे असतात असे. त्यांच्या आजोबांचे खिसे दाण्यांसाठी तपासले, एकात कवळी निघाली. परत दिली.

निघताना वकिलीणबाई म्हणाल्या की इतकी वर्षं कोर्टात लोकांची उलटतपासणी घेतली, पण सासऱ्यांची झालेली आज पहिल्यांदा पाहिली. जाणकाराची दाद ती वेगळीच.

टिकली पूर्ण वेळ पडद्यामागे उभी. लाजाळू आहे, आईवर गेली.

१८ जानेवारी, शनिवार.
आमंत्रण नाही. टिकलीच्या वर्गात दोघींचे वाढदिवस होऊन गेले. शिपायाला कळतं, रिक्षावाल्याला कळतं, आम्हाला नाही.

निष्कर्ष: समाज अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना वाळीत टाकतो. कोवळं पोर, काय वाटत असेल तिला! बायकोला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, हो रे, समाजच.

ताईला फोन केला. म्हटलं, निदान सख्खी बहीण तरी दगा देणार नाही. पुढच्या महिन्यात भाच्याचा वाढदिवस आहे, मी आतापासून सज्ज आहे, पेनड्राइव्हमध्ये नवे फोटो टाकलेत. ताई म्हणाली, अगं बाई, यंदा काही करतच नाही आहोत. त्याला आता हे सगळं पोरकट वाटतं. भाचा सात वर्षांचा होतोय. लवकर प्रौढ होतात हल्ली.

२५ जानेवारी, शनिवार.
आनंदाची बातमी. समाजाने दार लावलं तर आपण खिडकी उघडायची. टिकलीला हस्तकलेच्या क्लासला घातलं. बायको नेते-आणते. मी येतो म्हटलं तर दोघी एका सुरात नको म्हणाल्या. पालकांना प्रवेश नाही. शिस्त आहे. आवडलं आपल्याला.

टिकली चेहऱ्यावर वाघ रंगवून आली. पहिल्याच दिवशी! शिक्षिका मेहनती दिसते.

१ फेब्रुवारी, शनिवार.
आज क्लासहून येताना हातात फुगा, खिशात चॉकलेटी रंगाचा खोडरबर, डोक्यावर चकचकीत कागदाची टोपी. टोपी म्हणजे हस्तकलाच. फुगा म्हणजे, बाईंचा हात सढळ आहे. रात्री भूक नाही म्हणाली. तिकडे खायलाही देतात म्हणे. म्हटलं, काय देतात? कोण देतं? हात धुतात का? टिकली म्हणाली, बाबा, सगळं विचारून खाते मी. पेन आईच्या पर्समध्ये असतं.

ठीक. पण शिक्षिकेला माझं मार्गदर्शन झालेलं नाही, ही त्रुटी राहतेच.

८ फेब्रुवारी, शनिवार.
ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला क्लासची शिफारस केली. तो म्हणाला, पत्ता द्या, आमचीलाही घालतो. घरी विचारलं. बायको म्हणाली, जागा बदलत असतात. मागच्या आठवड्यात एकीकडे होता, आज दुसरीकडे. म्हणजे फिरता क्लास. नवीन शैक्षणिक प्रयोग असावा. टेबलवाल्याला फोनवर कळवलं. तो हसला आणि म्हणाला, तुमचं कुटुंब हुशार आहे हो. आहेच.

ठरलं. पुढच्या शनिवारी क्लास जिथे असेल तिथे जाऊन बाईंना प्रशिक्षण द्यायचं. घरी काही बोलायचं नाही. सुखद धक्का.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.
दोघींच्या मागोमाग निघालो, अंतर राखून. वळणं ओळखीची वाटत होती. गल्ली तर फारच. क्लास आज ताईच्या घरी आहे. ताईने मला सांगू नये? तिला हस्तकलेतलं काय कळतं?

समोरच्या बाकावर बसून निरीक्षण चालू आहे. नुसता बसलेला माणूस संशयास्पद दिसतो, म्हणून कोपऱ्यावरून भाजलेले शेंगदाणे घेतले. घरी बंदी असल्यामुळे चव विसरलो होतो. उत्तम वेशांतर.

खिडकीतून दिसतंय ते असं: फुगे. भाचा, टोपी घालून. प्रौढपणाचं लक्षण नाही. टिकलीच्या वर्गातल्या पोरी. वकिलीणबाई! त्यांचे जुळे! आणि माझी आई, जी गुडघ्यांमुळे सहा महिने आमच्याकडे आली नाही, ती संगीत खुर्ची खेळते आहे. खेळते कसली, जिंकते आहे.

कोणाला काही वाटतच नाही. सगळ्यांनी रांगेत हात धुतले. ताईने केक घरी केलेला दिसतो, टिकलीची बशी आधी वेगळी काढली, तिचा चमचा निराळा. टिकलीने काहीतरी विचारलं, ताईने वाकून उत्तर दिलं, टिकलीने मान हलवली आणि खाल्लं. पद्धत माझीच आहे, अक्षरशः माझी! फक्त मी नाही.

हे सहन करणं शक्य नाही. आत जातो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
आत गेलो. वाक्य तयार होतं: शाब्बास, सगळ्यांनी मिळून एका बापाला फसवलंत! तोंड उघडलं, हात पसरले, टिकलीकडे झेपावलो. टिकली दोन पावलं मागे सरली. नाक आक्रसलं. म्हणाली, बाबा, तू शेंगदाणे खाल्लेस. लांब उभा राहा.

संगीत बंद पडलं. माझ्या शर्टावर टरफलं होती. वेशांतराचा भाग होता, हे समजावून सांगायला सुरुवात केली, पण ताई मध्ये येऊन उभी राहिली, आणि बायकोने पर्समध्ये हात घातला. पेनवर. माझ्यासाठी नव्हे, माझ्यामुळे.

आईने मला बाहीला धरून मागच्या नळावर नेलं. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, गुळण्या करायला लावल्या, शर्ट काढून बापाला शोभत नाही असा भाच्याच्या वडिलांचा फुलाफुलांचा शर्ट घातला. म्हणाली, जन्मल्यापासून तुला सांगते, पुढे पुढे करू नकोस.

वकिलीणबाई दारातून म्हणाल्या, आजोबांचा खिसा सोडा, स्वतःचा तपासलात का? अजून मूठभर निघाले.

टिकलीला काही झालं नाही. ती नंतर पुन्हा खेळत होती. मी फाटकाशी उभा होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.
बायकोशी अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नाही.

शेवटी मीच विचारलं, ही क्लासची शक्कल कोणाची? तुझी की ताईची? कट करणारा मुख्य माणूस कोण ते तरी कळू दे. टिकली गृहपाठ करत होती. वर न बघता म्हणाली, माझी.

म्हणाली, बाबा, तू आलास की सगळे माझ्याकडे बघतात. केककडे कोणी बघतच नाही. मग पुढच्या वर्षी मला कोणी बोलवत नाही. मी आत्याला फोन करून विचारलं, मी एकटी आले तर चालेल का. आत्या रडली. मग बाकीच्यांना आईने सांगितलं.

आठ वर्षांची. कोणावर गेली कुणास ठाऊक.

मी म्हटलं, आणि घसा आवळला तर? ती म्हणाली, सगळ्यात आधी मलाच कळतं ना बाबा, तुला नाही.

हा मुद्दा कुठल्या कलमाखाली नामंजूर करावा, दिवसभर विचार केला. संध्याकाळपर्यंत सापडला नाही. सध्या प्रलंबित.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
आज वर्गातल्या कुणाची तरी पार्टी, नदीपलीकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये. या वेळी उघडपणे सांगून गेल्या. मी राजीनामा दिला आहे. स्वेच्छेने. पाहू कसं जमतं माझ्याशिवाय.

दुपारी फोन वाजला. धावलो, स्टूल आडवं आलं, अंगठा सुजला. बायकोचा फोन. म्हटलं, सांगितलं होतं मी! काय झालं? किती सूज? पेन टोचलं का? ती म्हणाली, अरे, काही नाही रे बाबा, भेटवस्तू घरी राहिली, टेबलावर. आणून देतोस का? वर येऊ नकोस. वॉचमनकडे दे.

लंगडत गेलो. वॉचमनने खोका हातात घेतला, वर फोन लावला, आणि फोनवर हात ठेवून मला विचारलं, कोण आलंय म्हणून सांगू?

वरून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यात टिकलीचा आवाज होता. हसत होती.

कुरिअर, म्हणालो.

त्याने तसंच सांगितलं. जराही शंका घेतली नाही.