ग्रीकच्या वर्गात उरलेली एक

अ‍ॅशलेड हॉल, श्रॉपशायर
रविवार, ११ सप्टेंबर १९८३

प्रिय एडना हीस,
स. न. वि. वि.

पोचल्याबरोबर दोन ओळी टाकायच्या ठरल्या होत्या, त्याला सहा दिवस उशीर झाला. रागावू नकोस. शाळेतलं हे माझं तेहेतिसावं वर्ष. पूर्वी पहिल्या आठवड्यात नुसते पाय दुखायचे. आता जिना चढताना मधल्या खिडकीशी थांबते आणि बाहेरचं हॉकीचं मैदान बघत असल्यासारखं करते. मैदानावर कुणी नसतं.

नव्या मुली आल्या आहेत, अकरा-अकरा वर्षांच्या. निम्म्या आईच्या आठवणीनं रडतात, उरलेल्या निम्म्या त्यांना रडताना बघून रडतात. पहिल्याच तासाला एकीनं विचारलं, की लॅटिन कुणी बोलत नाही तर आम्ही का शिकायचं? हे दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि मीही दर वर्षी तेच उत्तर देते. यंदा उत्तर देता देता मध्येच विसरले. मुलींना वाटलं, बाई विचार करताहेत. मग फळ्यावर विभक्त्या लिहिल्या आणि वेळ निभावून नेली.

खरी बातमी पुढे आहे. आमच्या मुख्याध्यापिका मिसेस लॅम्बर्न यांनी मला चहाला बोलावलं. त्यांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी शिजतंय. विश्वस्तांना आता संगणक हवे आहेत. वसंतात सभा आहे, त्यात लॅटिन आणि ग्रीक ठेवायचं की नाही ते ठरणार. मात्र माझी वेरिटी या विषयांवर केंब्रिजला गेली, तर तिचं नाव सभागृहातल्या गुणवंतांच्या फळीवर सोनेरी अक्षरांत चढेल आणि मग विषयाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही, असं बाईंचं म्हणणं. मी शिफारसपत्र चांगलं दणदणीत लिहावं, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, जे आहे ते लिहीन. त्या म्हणाल्या, अर्थात, पण जरा प्रेमानं.

वेरिटी ऑर्मरॉड म्हणजे माझ्या ग्रीकच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. वडील हेरफर्डचे बियाण्यांचे व्यापारी. मुलगी अबोल, वही स्वच्छ. बुद्धी फार चमकदार नाही, पण तीन वर्षांत एक तास बुडवलेला नाही. या वयात मला चमकण्यापेक्षा टिकणं आवडू लागलंय. नोव्हेंबरच्या शेवटी प्रवेशपरीक्षा आहे. तोवर आठवड्यातून तीनदा, चहा झाल्यावर, मी तिची तयारी करून घेणार.

तुझा गुडघा कसा आहे ते खरं लिही. लोभ आहेच, तो तसाच चालू दे.

तुझी,
हिल्डा


टॉडमॉर्डन
रविवार, १८ सप्टेंबर

आमच्या हिल्डास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. गुडघा आहे तिथंच आहे. डॉक्टर म्हणतो वजन कमी करा. मी त्याला म्हटलं, आधी तू कर. तो हसला, पण गोळ्या बदलून दिल्यान्‌.

तुझं ते संगणकाचं वाचलं. शेजारच्या क्लेगबाईंच्या नातवाकडे तसलं एक यंत्र आहे. पोरगा दिवसभर त्याच्यासमोर बसून चेंडू मारतो. त्यापेक्षा तुझं लॅटिन बरं, निदान त्यात आवाज होत नाही.

पण मला एक सांग, तुला खरंच हवंय का हे? गेल्या नाताळात तू इथं आलीस, तेव्हा तीन दिवस नुसती झोपलीस. मी क्लेगबाईंना सांगितलं, माझी बहीण विद्वान आहे, विचार करतेय. घोरताना ऐकू गेलं त्यांना भिंतीपलीकडे. मागची खोली रिकामी आहे, हॅरॉल्ड गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून तिथं फक्त इस्त्री होते. ये म्हटलं की तू म्हणतेस, पुढल्या वर्षी. तुझं हे पुढलं वर्ष माझ्या गुडघ्याच्या आधी येऊ दे म्हणजे झालं.

सोबत आल्याचा केक पाठवते. चार दिवस मुरू दे, मग खा. तू पहिल्याच दिवशी कापशील हे ठाऊक आहे. त्या पोरीलाही दे, अंगावर मांस नसेल तिच्या.

माया आहे म्हणून बोलते, कमी-जास्त समजून घे.

एडना


अ‍ॅशलेड हॉल
रविवार, १६ ऑक्टोबर

प्रिय एडना हीस,
स. न. वि. वि.

केक पहिल्याच दिवशी कापला. वेरिटीला दिला, तिनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून नेला.

आज जे लिहितेय ते इथं कुणाशी बोलण्यासारखं नाही. महिनाभर मी त्या मुलीला पिळून काढलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, बूट ठेवायच्या खोलीवरच्या त्या गारठलेल्या वर्गात आम्ही दोघी कोट घालून बसायचो. मी उतारा द्यायची, ती भाषांतर करायची, मी लाल शाईनं खोडायची. ती सुकत चालली होती. मला वाटलं, मेहनत करतेय.

शुक्रवारी शिफारसपत्र लिहून झालं. अशी पत्रं मुलींना दाखवायची नसतात. पण ती फार उतरलेली दिसली म्हणून मी तिला धीर यावा यासाठी एक वाक्य वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की हा विषय हिनं कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर निव्वळ प्रेमापोटी निवडला. ती आधी लाल झाली, मग रडायला लागली. मी म्हटलं, अगं, कौतुकच केलंय. तेव्हा तिनं सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी ग्रीकला तिघी होत्या, तुला आठवत असेल. उरलेल्या दोघी पहिल्या आठवड्यात चित्रकलेला गेल्या. सोमवारी वेरिटीही विषय सोडायची चिठ्ठी खिशात घालून आली होती. दाराच्या काचेतून तिला मी दिसले. मी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या दोन उचलून भिंतीशी नेऊन ठेवल्या, आणि मग पुसलेलाच फळा पुन्हा पुसत बसले. ती म्हणाली, बाई, मग माझ्याच्यानं चिठ्ठी देववली नाही. मनाशी म्हटलं, पुढल्या सत्रात देऊ. मग त्याच्या पुढल्या. पुढे तुम्ही इतक्या खूश दिसायला लागलात की ते राहूनच गेलं.

तिला सुईण व्हायचंय, एडना. लंडनच्या एका इस्पितळाचा शिक्षणाचा अर्ज ऑगस्टपासून तिच्याजवळ भरून पडलाय. तो तिनं ग्रीकच्या मोठ्या कोशात लपवलाय, कारण तो कोश शाळेत दुसरं कुणी उघडत नाही. वडिलांना केंब्रिजचं भारी अप्रूप, त्यामुळे घरीही बोलायची सोय नाही.

आता माझी लाज ऐक. पोर समोर हुंदके देत होती आणि माझ्या मनात पहिला विचार आला, की परीक्षेला फक्त सहा आठवडे उरलेत. सहा आठवडे कळ काढली तर सगळंच निभावेल. मी तिला नाक पुसायला सांगितलं आणि म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग बघू. ती हो म्हणाली. ती नेहमीच हो म्हणते, हे मला तीन वर्षांनी आता कुठे कळलं.

सहा आठवडेच तर आहेत. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे असं वाटतं, तरी लिही. माझ्यावरचा लोभ या पत्रानंतर थोडा उरला तर उरू दे.

हिल्डा


टॉडमॉर्डन
बुधवार, १९ ऑक्टोबर

आमच्या हिल्डास,
आशीर्वाद.

मी काय म्हणेन ते तुला माहीत नाही. मलाच काल रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

तू अकरा वर्षांची होतीस आणि तुला मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. फी माफ झाली. पण गणवेश होता, पुस्तकं होती, आगगाडीचा पास होता. बाबांची छाती तेव्हाच धरलेली. मी चौदाची होते, मी गिरणीत गेले. कुणी मला ढकललं नाही. मीच म्हटलं, मी जाते. आई रडली, तिला मी म्हटलं, मला कुठे अभ्यास आवडतो. सगळ्यांना सोयीचं होतं, म्हणून सगळ्यांनी ते खरं मानलं. तूही. तू लहान होतीस, तुझा दोष नाही.

पहिली दोन वर्षं मला काही वाटलं नाही, हिल्डा. अभिमानच वाटायचा. तू संध्याकाळी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत लॅटिनची रूपं पाठ करायचीस. मी पायांना गरम पाण्याचा शेक देत ऐकायची. गिरणीत पोरींना सांगायची, आमची हिल्डा रोमन लोकांसारखं बोलते. तिसऱ्या वर्षी मात्र वाटलं. एका संध्याकाळी तू शिकत होतीस आणि मला ते पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं. नाही घातलं. पण वाटलं, आणि त्यानंतर वाटतच राहिलं. तू विद्यापीठातून बाहेर पडलीस तोवर. हे हॅरॉल्डलासुद्धा मी कधी सांगितलं नाही.

त्या पोरीचं तिसरं वर्ष संपलंय. तिचं पुस्तक चुलीच्या किती जवळ आलंय ते तूच बघ. सहा आठवडे म्हणजे फार नव्हे, असं देणाऱ्यानं म्हणायचं असतं, घेणाऱ्यानं नाही.

एका पोरीनं तुझ्या लॅटिनपायी वर्षं दिली, तेवढी पुरे.

रागावून लिहिलेलं नाही. गुडघा दुखतोय, म्हणून अक्षर असं आलंय.

एडना


अ‍ॅशलेड हॉल
रविवार, ३० ऑक्टोबर

प्रिय एडना हीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग खाली बसले. त्यातल्या मधल्या मजकुराबद्दल मला अजून लिहिता येत नाही. तीनदा सुरुवात केली. आधी जे झालं तेवढं कळवते.

शिफारसपत्र फाडलं. मिसेस लॅम्बर्नना जाऊन सांगितलं, की वेरिटी परीक्षेला बसणार नाही आणि ग्रीकही सोडतेय. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, तुम्ही आपल्या हातानं आपल्याच विषयाला कुलूप घालताय, मिस गारसाइड, कळतंय ना तुम्हाला? मी म्हटलं, कळतंय. त्या वाईट नाहीत. चहा विचारला त्यांनी, फक्त या वेळी ओतला मी.

वडिलांना मीच पत्र घातलं. ते तिसऱ्या दिवशी स्वतः आले. दांडगा माणूस, बुटांना चिखल, हातात टोपी. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, की माझी मुलगी ढ आहे का? मी म्हटलं, न आवडणाऱ्या विषयात जी तीन वर्षं एक तास चुकवत नाही, ती आवडत्या कामात काय करील याचा तुम्हीच अंदाज करा. बाळंतपणाच्या वेळी अशीच माणसं उशाशी हवी असतात. ते टोपीकडे बघत राहिले. म्हणाले, ही मला का नाही बोलली? मी म्हटलं, ती मलाही नाही बोलली. मग ते तिला घेऊन गावात जेवायला गेले. परत आली तेव्हा तिच्या तोंडावर टवटवी होती.

जाताना तिनं विचारलं, की आता सोमवारी या वेळेला तुम्ही काय करणार? मी म्हटलं, ती काळजी तू करायची नाहीस, जीवशास्त्राचं पुस्तक उघड. सोमवारी सवयीनं मी तिची खुर्ची मांडली होती. उचलून ठेवली, आणि ठेवण्याआधी दाराच्या काचेतून कुणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं.

मला दुःख होईल असं वाटलं होतं. त्याऐवजी मी खोलीत गेले आणि जेवणाची घंटा ऐकू येईना इतकी झोपले. तेहेतीस वर्षांची झोप आहे ती, एका दिवसात फिटणार नाही.

जेवढं तू सांगितलंस तेवढं ऐकायची माझी लायकी आहे, असं तुला वाटलं, यातच सगळं आलं.

तुझी,
हिल्डा


अ‍ॅशलेड हॉल
रविवार, १ जुलै १९८४

प्रिय एडना हीस,
स. न. वि. वि.

सामान बांधून झालं. मार्चमधल्या सभेचं तुला कळवलंच होतं: विषय बंद करायला सगळे हात वर, विरोधात एकही नाही. तिथं बसले असते तर कदाचित माझाही हात वर गेला असता.

शुक्रवारी शेवटचा तास झाला, नव्या मुलींचा. मनात काही बोलायचं ठरवलं होतं. तेवढ्यात एकीनं विचारलं, की बाई, पुढल्या वर्षी लॅटिन नाही म्हणजे लॅटिनचा गृहपाठही नाही ना? मी नाही म्हटल्यावर अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेच माझं भाषण झालं.

वेरिटी निरोप घ्यायला आली होती. इस्पितळानं घेतलंय तिला, सप्टेंबरात रुजू होईल. हिवाळ्यात ती एकदाही त्या वर्गाकडे फिरकली नाही, आणि मला ते बरंच वाटलं. दयेनं यायची सवय मोडायला वेळ लागतो. या वेळी ती आली ती नुसती भेटायला. आम्ही बाकावर बसून स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. सुईणीला पहिल्या वर्षी काय काय शिकवतात ते तिनं मला तासभर सांगितलं. मी मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही.

शनिवारी दोनच्या गाडीनं पोचते. त्याआधी एक विचारायचं आहे. समोरासमोर तू विषय बदलशील आणि मी बदलू देईन, म्हणून पत्रातच विचारते. अभ्यास आवडत नाही, असं तू आईला सांगितलंस ते खोटं होतं, हे आठ महिन्यांपूर्वी कळलं. पण तुला काय शिकायचं होतं, हे मी एकोणपन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही. आता विचारते. उशीर झालाय हे माहीत आहे.

हिल्डा


टॉडमॉर्डन
बुधवार, ४ जुलै

आमच्या हिल्डास,
आशीर्वाद.

खोली तयार आहे. इस्त्रीचं टेबल जिन्याखाली हलवलं. क्लेगबाईंना सांगून ठेवलंय की घोरणं परत येतंय.

तुझं पत्र डब्यामागे ठेवून दिलं होतं, उत्तर द्यायचंच नाही असं ठरवून. मग आज भाजी चिरताना हात थांबला. विचारलंसच तर सांगते. हसायचं नाही.

गिरणीत आमच्या मागच्या बाजूला रंगखातं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं दारात जाऊन उभी राहायची. निळीच्या हौदातून कापड वर काढायचे ना, तर ते निळं नसायचं. पिवळट हिरवं, आजारी माणसासारखं निघायचं. आणि वर हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं होत जायचं, कडेकडून आतपर्यंत. हात न लावता. मी तिथल्या मुकादमाला विचारलं, हे असं का होतं? तो म्हणाला, पोरी, तुझा माग वाट बघतोय. पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा तो नुसता हसला. मग नाही विचारलं.

ते कशामुळे होतं, त्याला जे काही शास्त्र म्हणत असतील ते मला शिकायचं होतं.

तुला उत्तर माहीत नसणार, तू लॅटिनची. आणि माहीत असलं तर सांगू नकोस. इथलं वाचनालय शनिवारी बाराला बंद होतं आणि तुझी गाडी दोनला. तेव्हा सोमवारी जाऊ. जिना आहे तिथं, तुझा हात लागेल मला.

वाट बघते.

एडना