गाभडलेल्या शिंपल्या

३ फेब्रु., मंगळ.
आष्ट्याच्या पुढं, नदीवर. पाणी गुडघाभर, गार. सखूमावशी पायाच्या अंगठ्यानं चिखलातली शिंपली हुडकते. मला तासाभरात चार. जन्मभर तिनं ह्याच काठाच्या शिंपल्या बाजारात विकल्या. नियम एकच: नखानं फट पाडून आत बघायचं. कल्ले फुगलेले म्हणजे पोटुशी, तिला पाण्यात सोडायचं. सोडताना "जा बाई म्हायेराला" म्हणते. बाकीच्या पाटीत. म्हणाली, आताशा माहेरवाशिणी लय कमी झाल्यात. मी नुसती हसले.

७ फेब्रु.
मिरज, कॉलेजची लॅब. टोपलीभर उघडल्या. पिल्लं दोघींतच. वहीत बाकीच्यांपुढं 'रिकामी' लिहीत गेले. कल्ल्यांत प्लॅस्टिकचे बारीक धागे मात्र जवळजवळ सगळ्यांच्या. धस्स झालं. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, प्रबंधाला विषय मिळाल्याचा. लाज वाटली, पण झाला.

९ फेब्रु.
प्रबंधाच्या सरांनी एकच विचारलं: त्या दिवशी अंगावर काय होतं? निळी पॉलिस्टरची ओढणी. मग हे धागे नदीचे कशावरून? प्लॅस्टिक शोधायला प्लॅस्टिक अंगावर घेऊन बसणारी मी एकटीच शहाणी. आईचं जुनं सुती पातळ फाडून एप्रन शिवायला टाकला. नमुने पुन्हा...

१४ फेब्रु.
सगळं सुती. निळे धागे कमी झाले, बाकीचे होते तसेच. सगळं ओढणीवर ढकलता येत नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
मावशीला वही वाचून दाखवली. 'रिकामी' ऐकून चिडली. एक शिंपली घेतली, फट पाडली, कल्ल्याची लोंबती कातडी बोटानं दाखवली.
"रिकाम्या न्हाईत पोरी ह्या. गाभडल्यात."
तिच्याकडं पूर्वी म्हशी होत्या. म्हणाली, वांझ म्हस निराळी, गाभडलेली निराळी. एकीला राहतच नाही, दुसरीला राहून टिकत नाही. एवढी शिकून माझ्या डोक्यात हे...

१८ फेब्रु.
पुन्हा सूक्ष्मदर्शक. मावशीचंच खरं. कल्ले ताणून सैल पडलेले, आत अर्धवट अंड्यांचे तुकडे. वहीतला शब्द सगळीकडं खोडला. सर म्हणाले, निरीक्षण चांगलं आहे, पण धाग्यांनीच झालं असं म्हणता येणार नाही. ऊन असेल, कारखान्याचं पाणी असेल, टबात प्रयोग करून बघावं लागेल. बरोबर आहे त्यांचं. तरी घरी येऊन रडले. शिंपल्यांसाठी. आईला कारण सांगितलं नाही, हसली असती.

२४ फेब्रु., मंगळ.
मावशीला सांगितलं, तुमचं खरं निघालं. वाटलं होतं, खूश होईल. झाली नाही. धाग्यांचंही सांगितलं, अजून नक्की काही नाही असंही. पोटुशी सोडायची, बाकी विकायची, एवढंच तिला सासूनं शिकवलेलं.
"मग गाभडलेलीचं काय करायचं गं? इकायची का सोडायची?"
विकली तर ते धागे कुणाच्या तरी ताटात. सोडली तर तिची पाटी रिकामी, आणि त्या शिंपलीला पुन्हा राहील का, राहिलं तर टिकेल का, मला माहीत नाही. तसंच सांगितलं. मावशी भरली पाटी कमरेवर घेऊन पाण्यातच उभी राहिली. काठावर येईना, पाटी ओतेना.